रुसायला जागा

नवरा-बायकोच्या भांडणाला विषय लागत नाही, पण जागा लागते. भांडायला नव्हे, भांडण झाल्यानंतर. दोघांपैकी एकाने ताडकन उठून दुसरीकडे निघून जायचं असतं आणि त्यासाठी 'दुसरीकडे' मुळात असावं लागतं. आमच्या तुर्भ्याच्या सिडकोच्या घरात ही सोय म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली, ग्रिल ठोकून बंद केलेली बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन, कांद्याबटाट्याची जाळी, तुळस आणि एक रुसलेलं माणूस एवढं मावतं. रुसलेली माणसं दोन असतील तर एकाला जिन्यात जाऊन उभं राहावं लागतं, आणि जिन्यात उभं राहिलं की वरच्या मजल्यावरच्या वहिनी विचारतात, "काय, लाइट गेली का?" मोठ्या घरांतली माणसं म्हणे चार-चार दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्याकडे अबोला दीड तासाच्या वर टिकत नाही, कारण गॅसपाशी पोचायचं तर "जरा सरका" म्हणावंच लागतं.

त्यामुळे ह्यांनी जेव्हा बोटीवर राहायला जायचा विषय काढला, तेव्हा वादळ, शार्क, चाचे यांपैकी काहीच माझ्या डोळ्यांसमोर आलं नाही. मी एवढंच विचारलं, "अहो, पण भांडण झाल्यावर जायचं कुठे?"

हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. निवृत्त पुरुषाला काय सुचेल याचा नेम नसतो. कोणी होमिओपॅथीच्या मागे लागतं, कोणी सोसायटीच्या. ह्यांना मोबाइलवर बोटीवरची जोडपी सापडली. नौदलातून निवृत्त झालेले गौरव गौतम आणि त्यांच्या पत्नी वैदेही चिटणवीस हे दोघं नोकऱ्या आणि घरातलं सामानसुमान सोडून लेकीसकट 'रीवा' नावाच्या शिडाच्या बोटीवर राहायला गेले, ही बातमी ह्यांनी मला इतक्या वेळा वाचून दाखवली की ते आमचे लांबचे नातेवाईक वाटायला लागले. चिटणवीस आडनावामुळे ह्यांना विशेष जोर चढला. "आपल्यातलीच माणसं आहेत बघ!" मी म्हटलं, त्यातला नवरा नौदलात होता. तुम्ही क्वालिटी कंट्रोलमध्ये होतात.

तुर्भ्याच्या माणसाने समुद्राची स्वप्नं पाहावीत हे ऐकणाऱ्याला गमतीचं वाटेल. तुर्भे म्हटलं की लोकांना ट्रक आठवतात, एपीएमसीचा कांदा आठवतो, एमआयडीसी आठवते, ठाणे-वाशी लोकलमधलं एक स्टेशन आठवतं. पाणी कुणालाच आठवत नाही. पण मूळचं तुर्भे हे आगरी-कोळ्यांचं गाव, आणि पश्चिमेकडे निघालं की मॉल, गोदामं आणि कचऱ्याचे ढीग ओलांडल्यावर खाडी लागतेच. शिवाय खाडीपलीकडे आणखी एक तुर्भे आहे, ज्याला इंग्रजांनी ट्रॉम्बे केलं आणि जिथे पुढे अणुभट्ट्या आल्या. एका पाण्याच्या दोन काठांवर एकाच नावाची दोन गावं आणि दोघांच्याही पत्त्यात मुंबई. पोस्टमनचं काय होत असेल ते तोच जाणे. मधल्या ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून फ्लेमिंगो येतात. 2015मध्ये तिथे त्यांचं अभयारण्य झालं आणि 2022मध्ये रामसर यादीत नावही लागलं. एवढं सगळं दाराशी असून आपण बाल्कनीत ग्रिल लावून बसलोय, असं ह्यांचं म्हणणं.

तर बोट बत्तीस फुटांची घ्यायची असं ह्यांनी परस्पर ठरवलं. दोन माणसांना पुरेशी, एकट्याला हाकता येईल अशी. बत्तीस फूट म्हणजे किती हे मला कळेना, म्हणून एका रविवारी दुपारी गाड्या बाहेर गेलेल्या असताना ह्यांनी पार्किंगमध्ये खडूने बोट काढली. लांबी बत्तीस, मध्यभागी रुंदी दहा, पुढे निमुळती होत गेलेली नाळ. मग आत खोल्या आखल्या. आम्ही दोघं आत उभे राहिलो. मी ओट्यापाशी, म्हणजे जिथे एरवी तळमजल्यावरच्या काकांची स्कूटर असते तिथे. हे नकाशे पसरायच्या टेबलापाशी. मी वळले तर कोपर ह्यांना लागलं. झोपायची जागा नाळेत, त्रिकोणी; डोक्याकडे रुंद आणि पायाकडे इतकी चिंचोळी की रात्रभर चारही पाय एकमेकांशी बोलत राहणार. जिन्याच्या खाली इंजिन. जिन्याच्या बाजूला संडास. मी त्या चौकोनात उभी राहून पाहिलं. दोन्ही खांदे खडूच्या रेघेवर आले.

तेवढ्यात वॉचमन आला. "काका, इथे शर्मांची गाडी लागते."

ह्यांनी त्याला ही बोट आहे हे समजावून सांगितलं. त्याने आदराने रेघेबाहेरून चक्कर मारली आणि विचारलं, "पाण्याची टाकी कुठे?"

वॉचमनला कळतं ते नवऱ्याला का कळत नाही? अशा बोटीत गोड्या पाण्याची टाकी दोन-तीनशे लिटरची असते. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतं असं सरकारी मोजमाप आहे. म्हणजे आम्हा दोघांचं तळं एका दिवसात आटणार. आणि आम्ही मोरबे धरणाचं पाणी पिणारी माणसं. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, हा आमच्याकडच्या लोकांचा मुंबईकरांना ऐकवायचा ठेवणीतला मुद्दा आहे. तो सोडून जायचं, आणि भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी अर्ध्या लोट्याने विसळायची. आमच्या सासूबाईंनी चाळीत असताना बरोबर असंच घर चालवलं. तेव्हा त्याला साहस म्हणत नसत आणि कोणी चित्रीकरणही करत नसे.

संडासाबद्दल थोडं लिहिते. सभ्य माणसं लिहीत नाहीत आणि बोटीवरच्या संसाराची खरी परीक्षा तिथेच आहे. तिथे साखळी ओढली की झालं असं नसतं. आधी बोटीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडायचा. मग एक खटका एका बाजूला करून दांडी वर-खाली हापसायची, म्हणजे समुद्राचं पाणी आत येतं. मग खटका दुसऱ्या बाजूला करून पुन्हा हापसायचं, म्हणजे सगळं टाकीत किंवा बाहेर जातं. मग व्हॉल्व्ह आठवणीने बंद करायचा. विसरलात तर समुद्र त्याच वाटेने घरात येऊ शकतो. ज्या माणसाला गेली तीस वर्षं बाथरूमचा दिवा बंद करायची आठवण राहिलेली नाही, त्याच्या भरवशावर मी पाण्यात झोपायचं.

स्वयंपाकाचं मात्र मला आवडलं. बोटीतली शेगडी बिजागऱ्यांवर टांगलेली असते. बोट कलली तरी शेगडी सपाट राहते आणि आमटी भांड्यातच राहते. शिडाच्या बोटीवर फिरणारी जगभरची मंडळी प्रेशर कुकर वापरतात, कारण झाकण पक्कं बसतं आणि लाटेने हेलकावा दिला तरी भात जमिनीवर येत नाही. एका बाबतीत तरी आम्ही जन्मतः तयार आहोत म्हणायचं. गॅसचा सिलिंडर मात्र आत ठेवत नाहीत. तो गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचून बसतो. म्हणून बाहेर वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याला पाण्याच्या दिशेने भोक असतं. हे वाचल्यापासून मी आमच्या ओट्याखालच्या सिलिंडरकडे जरा संशयाने बघते.

लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याचं नाव ह्यांच्या तोंडी सारखं असतं. लॅरीने स्वतःच्या हाताने जेमतेम 24 फुटांची 'सेराफिन' बांधली, 1968मध्ये पाण्यात सोडली आणि दोघं तिच्यातून अकरा वर्षं जगभर फिरले. इंजिन नाही. म्हणजे बिघडलं नव्हतं, बसवलंच नव्हतं. वारा पडला की थांबायचं. ह्यांना यात मोठं तत्त्वज्ञान दिसतं. मला दिसते ती लिन. खांद्यापर्यंत पोचणारी बुटकी बाई, चोवीस फुटांत अकरा वर्षं. चोवीस फुटांत माणूस रुसला तर फार तर नाळेपर्यंत जाईल, आणि तिथेही शिडाचा दोर सोडायला दुसऱ्याने हाक मारली की यावंच लागेल.

पण मला खरं अडकवलं ते मॉरिस आणि मॅरलिन बेली यांनी. इंग्लंडमधल्या डर्बीचं हे जोडपं. बंगला विकून त्यांनी बोट बांधून घेतली, दोघांच्या नावांची मोडतोड करून तिला 'ऑरलिन' नाव दिलं आणि न्यूझीलंडच्या दिशेने निघाले. बिनतारी यंत्र मॉरिसने मुद्दाम घेतलं नाही. त्याला जगापासून दूर जायचं होतं, मग जगाशी बोलायचं यंत्र कशाला? मार्च 1973मध्ये पॅसिफिकमध्ये देवमाशाची धडक बसली आणि तासाभरात बोट बुडाली. उरली ती रबराची होडी, एक तराफा आणि थोडे डबे. मॅरलिनला पोहता येत नव्हतं. सेफ्टी पिना वाकवून तिने गळ केले आणि मासे धरले. जहाजं दिसली, हात केले, जहाजं निघून गेली. जवळपास चार महिन्यांनी, जूनच्या शेवटी, कोरियाच्या एका मासेमारी बोटीने त्यांना उचललं.

हे सगळे तपशील थरारक आहेत. मला त्यातला वेगळाच एक चटका लावून गेला. मॉरिसचा धीर सुटत चालला होता, तेव्हा मॅरलिनने काय केलं? वहीच्या कागदाचे पत्ते आणि डॉमिनो केले. सुटका झाल्यावर करायच्या जेवणांचे बेत आखले, पदार्थांसकट. आणि पुढच्या बोटीचा आराखडा काढायला घेतला. बुडालेल्या बोटीच्या तराफ्यावर बसून, पाठीला खाऱ्या पाण्याच्या जखमा झालेल्या असताना, नव्या बोटीत कपाटं कुठे हवीत यावर नवरा-बायको चर्चा करत होते! आणि ती बोट त्यांनी नंतर खरंच बांधली, 'ऑरलिन दोन', आणि पुन्हा निघाले. मला वाटतं, ती चर्चा शांतपणे झाली नसणार. ओटा कुठल्या बाजूला हवा यावरून तराफ्यावर खणखणीत वाद झाला असणार, आणि कुणीच कुठे उठून जाऊ शकलं नसणार. त्या वादानेच मॉरिसला जगवलं, असा माझा आपला तर्क. माणूस कपाटावरून भांडतोय म्हणजे त्याला कपाट लागेपर्यंत जगायचं आहे.

हे ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुझी तयारी आहे?" पुरुषांचं ऐकणं हे असं.

बोटीवर जोडप्याला एकांत भरपूर मिळतो हाही एक मोठा गैरसमज आहे. किनारा सोडला की पाळ्या लागतात. तीन-चार तास एकाने जागं राहून सुकाणू, वारा आणि मोठ्या जहाजांवर नजर ठेवायची, दुसऱ्याने झोपायचं, मग बदली. नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकारी 'तारिणी'वरून ऑक्टोबर 2024मध्ये गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून मे 2025मध्ये परतल्या, बोटीवर दोघीच. म्हणजे महिनोन् महिने एक जागी असताना दुसरी झोपायची. नवरा-बायकोंचंही तेच. जिन्यात गाठ पडते, "चहा थर्मासमध्ये आहे", "वारा पश्चिमेचा झालाय", की एक वर आणि एक खाली.

यासाठी समुद्रावर जायची काय गरज? आमच्या शेजारचे साताऱ्याकडचे भाऊ भाजीबाजारात माथाडी आहेत. भाजीच्या गाड्या मध्यरात्रीपासून लागतात, त्यामुळे ते सगळं जग झोपलेलं असताना निघतात. ते सकाळी परततात तेव्हा वहिनी कामावर निघायच्या घाईत. किल्ली दारातच हातातून हातात जाते. रविवार सोडला तर त्यांना मी एकत्र जेवताना पाहिलेलं नाही. त्यांचं आजवर भांडण ऐकलेलं नाही हेही खरं, आणि आमच्या भिंती काही जाड नाहीत. एकदा मी वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "भांडायला दोघं एका वेळी जागी पाहिजेत ना!" घर छोटं असेल तर माणसांनी जागा नाही, वेळ वाटून घ्यायची असते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आणि मग हुकूम कुणाचा? बोटीवर एकच तांडेल असतो, हे जगभरचं तत्त्व. ह्यांनी ते फार ठासून सांगितलं. मी त्यांना बेलापूरजवळच्या दिवाळ्याच्या कोळीवाड्यात घेऊन गेले. मासळी घ्यायचीच होती. कोळ्यांनी हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे. पाण्यावर त्याचा शब्द. होडी काठाला लागली की म्हावरं तिच्या ताब्यात, भाव ती ठरवणार आणि पैसेही तिच्याच कमरेला. खाडीतल्या छोट्या होड्यांवर कधीमधी नवरा-बायको दोघंही दिसतात. तो जाळं ओढतो, ती चिंबोऱ्यांचे आकडे दोऱ्याने बांधत असते. त्या वेळी कोण कुणाचं ऐकतं हे काठावरून कळत नाही, पण बोलणं मात्र स्पष्ट ऐकू येतं. पाण्यावरून आवाज लांब जातो.

टोपलीपाशी बसलेल्या मावशींना ह्यांनी सांगितलं, आम्ही बोटीवर राहायला जायचं म्हणतोय. मावशींनी निवट्या निवडायचं थांबवून ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कामाला?"

"नाही, राहायला. नुसतं."

"घर नाय तुम्हाला?"

"आहे ना. तुर्भ्याला."

मावशींनी दोन निवट्या जास्तीच्या टाकल्या. दयेने टाकल्या असाव्यात.

निघताना ह्यांनी भरतीची वेळ विचारली. मावशी म्हणाल्या, आज षष्ठी, साडेचार धरा. हे चकित. हिशेब सोपा आहे आणि कोकणच्या किनाऱ्यावर जुना आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या सुमाराला भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकराच्या पुढे. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी अडकत नाही. ह्यांच्या मोबाइलमध्ये त्यासाठी पैसे भरून घेतलेलं ॲप आहे. आमच्या घरात कालनिर्णय आहे. तरी हे गणित कुणाला ठाऊक नव्हतं, संकष्टीचा चंद्रोदय तेवढा पाठ.

भरतीपेक्षा ओहोटीचा प्रश्न मोठा आहे. ठाण्याच्या खाडीत पाणी गेलं की राहतो तो गाळ, गुडघाभर आणि त्याहून खोल. तोच गाळ फ्लेमिंगोंचं ताट, पण बोट त्यात कलंडून बसते, पाणी येईपर्यंत. म्हणजे दिवसातून दोनदा आमचं घर तिरकं होणार. हे म्हणतात, खोल पाण्यात नांगर टाकू. खोल पाण्यात टाकला तर भाजी आणायला कसं जायचं? सध्या मी लिफ्टची वाट बघत नाही, आणि तिथे होडीची बघायची?

इंग्लंडमध्ये कालव्यांवर अशी हजारो माणसं राहतात. त्यांच्या बोटी सात फुटांहूनही अरुंद, कारण दोनशे वर्षांपूर्वी बांधलेल्या कालव्यांची दारं तेवढीच. तिथे कायमचा धक्का भाड्याने घेतलेला नसेल तर साधारण 14 दिवसांच्या वर एका ठिकाणी थांबता येत नाही. उचला बिऱ्हाड, व्हा पुढे. ह्यांना ही भटकंती फार रोमँटिक वाटली. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही वाशी, कोपरखैरणे, घणसोली अशी अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर काढली. दर वेळी तोच टेम्पो, तेच फ्रिजला बांधायचं सुतळीचं बंडल, तीच दलालाची दलाली. तेव्हा ह्यांना रोमँटिक वाटल्याचं आठवत नाही.

शेवटी गाडी अडली ती पावसाळ्यावर. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र कुणाचं ऐकत नाही. मासेमारी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद, हौशी लोकांच्या शिडाच्या बोटी उचलून जमिनीवर ठेवलेल्या. कोळीसुद्धा नारळी पुनवेला नारळ सोडल्याशिवाय पुढचं बोलत नाहीत. म्हणजे बोटीवर राहायचं ते आठ महिने. उरलेले चार महिने? "घर विकायचं नाही मग," असं मी म्हटलं, तर हे लगेच तयार झाले. घर ठेवायचं, आठ महिने भाड्याने द्यायचं, त्या भाड्यात बोटीचा खर्च काढायचा आणि पावसाळ्याला परत यायचं. कागदावर आकडे मांडले, मला दाखवले. आकडे बरोबर होते, क्वालिटी कंट्रोल ते.

दुसऱ्या दिवशी सेक्टरमधल्या इस्टेट एजंटकडे गेलो. तरुण मुलगा, कानात इअरफोन, टेबलावर लक्ष्मीचा फोटो. ह्यांनी त्याला सगळी योजना पहिल्यापासून सांगितली. वारे, पाळ्या, पार्डी, पावसाळा. त्याने एक इअरफोन काढून नीट ऐकलं.

"काका, आठ महिन्यांसाठी फॅमिली कोण येणार? मुलांच्या शाळा असतात. बॅचलरला तुमची सोसायटी देत नाही." मग त्याने जरा विचार केला आणि वही पुढे ओढली. "पण ती बोट भाड्याने द्यायची असेल तर सांगा. बॅचलर चालत असतील तर गिऱ्हाईक आहे. डिपॉझिट किती धरू?"